मागेपुढे झालेले दोन फर्मे

आमच्या सासऱ्यांना घेऊन नाटकाला जायचं नाही, असं मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. पहिल्या वर्षी गेलो होतो तेव्हा रंगमंचावरच्या वकिलाने कपाटातून कायद्याचं जाडजूड पुस्तक काढलं आणि सासरे भर नाट्यगृहात म्हणाले, "नुसता पुठ्ठा आहे. आत पानंच नाहीत." वकिलाला ते ऐकू गेलं. बिचाऱ्याने पुढचं अख्खं दृश्य पुस्तक पाठीमागे धरून केलं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, बाइंडर. सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात एका खिडकीपाशी बसून त्यांनी एकेचाळीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधली. ती खिडकी रस्त्याच्या पातळीला होती, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. कोण आलं ते बाबा चपलांवरून सांगत. कुठेही काहीही वाकडं असलं की ते त्यांना आधी दिसतं आणि दिसलं की तोंडातून बाहेर पडतं. मी दाताच्या दवाखान्यात नावनोंदणीला बसते. एकदा मला डबा द्यायला आले आणि डॉक्टरांना सांगून गेले, की तुमच्या भिंतीवरच्या चित्रात दात तेहतीस आहेत. डॉक्टरांनी मोजले. तेहतीसच होते.

ते निवृत्त झाले तेव्हा वाचनालयाने मानपत्र दिलं. 'ज्यांच्या हातून एकेचाळीस वर्षांत एक पान इकडचं तिकडे झालं नाही' असं त्यात लिहिलं आहे. आमच्या बाहेरच्या खोलीत ते चौकटीत लावलेलं आहे आणि त्याच्यावरची धूळ बाबा स्वतः पुसतात. आम्ही हात लावलेला चालत नाही. मला या मानपत्राचा मनातून राग यायचा, कारण माझ्या स्वयंपाकघरातही एक वस्तू इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नसे.

तर त्या रविवारी दुपारच्या खेळाची तिकिटं माझ्या नवऱ्याने आणली. शाळेत आपण सगळ्यांनी वाचलेली ती जुनी कादंबरी, दोन बहिणींची आणि नदीकाठच्या खाणावळीची, तिच्यावर संगीत नाटक आलं होतं. बारा गाणी, सहा वादक. पेपरात नुसता कौतुकाचा पूर. लिहिणारी आणि चाली बांधणारी एकच, आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंची मुलगी. शाळेत असताना रोज दुपारी वाचनालयात येऊन बसायची. बाबा तिला तिच्या निळ्या सँडलवरून ओळखत. आता चाळिशीला आलेली, पण बाबांच्या तोंडी अजून 'निळी'च. "निळीचं नाटक आहे," ते म्हणाले, "मी गप्प बसेन." माझा विश्वास बसला नाही, पण गेलो.

पडदा वर गेला आणि थोरली बहीण नदीच्या पायऱ्या उतरत गाऊ लागली. नऊ पायऱ्या, नऊ आठवणी, असं काहीसं.

"नऊ?" बाबा म्हणाले. "एकोणीस आहेत."

"बाबा, हळू."

"अगं, पूर येतो तेव्हा पाणी चौदाव्या पायरीला लागतं. नऊच असल्या तर खाणावळ बुडाली की!"

पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. मी त्यांच्याकडे बघून ओशाळं हसले. सून म्हणून हे काम कायम माझ्याकडे असतं.

मग खाणावळीचा कारकून आला. ताडताड चालत आला. बाबांनी माझा दंड धरला. "हा लंगडत का नाही? पहिल्या भेटीतच लिहिलंय, उजवा पाय ओढत चालतो." मी म्हटलं, नटाला जमत नसेल. पुढे बहिणींची आत्या एक गाणं म्हणून आत गेली ती परत आलीच नाही. ती मेली म्हणावं तर रडलं कोणी नाही, गावाला गेली म्हणावं तर सामान तिथेच. "आत्या कुठे गेली?" बाबांनी विचारलं. त्या वेळी मात्र पुढच्या बाईंनीही मान डोलावली, कारण त्यांनाही तेच विचारायचं होतं.

मध्यंतरात आम्ही बाहेर आलो. दाराशी काचेची पेटी ठेवली होती आणि तिच्यात एक जुनं पुस्तक उघडून ठेवलेलं. खाली पाटी: 'ज्या प्रतीतून हे नाटक जन्मलं.' बाबा वाकले आणि वाकलेलेच राहिले. मी जवळ गेले.

"ही माझी आहे," ते म्हणाले. "पाठीला तपकिरी कापड, कोपऱ्यांना हिरवं. तपकिरी संपलं होतं त्या वेळी."

त्यांचा आवाज अभिमानाचा नव्हता म्हणून मी नीट पाहिलं. पुस्तक पायऱ्यांच्या वर्णनावरच उघडलेलं होतं. उजव्या पानावरची ओळ मधल्या खाचेतूनच सुरू होत होती आणि तिथे नुसता ९ दिसत होता. "एकोणीसमधला १ शिवणीत गेलाय," बाबा म्हणाले. "मी फार आत शिवलं." मग काचेवर बोट ठेवून, माझ्याशी नाही तर स्वतःशीच, सगळा हिशोब लावत गेले. कारकुनाच्या पानाचा कोपरा फाटलेला, त्यावर त्यांनी पातळ कागद डकवला होता. कागद पुढे धुरकट झाला असणार, लंगडा पाय त्याच्याखाली गेला. आत्याच्या मरणाचं पान तर प्रत हातात आली तेव्हाच गहाळ होतं. म्हणजे अर्धा तास ते ज्या चुका निळीच्या म्हणून मला सांगत होते, त्या सगळ्या त्यांच्या टेबलावरून गेलेल्या होत्या. मला हसू फुटलं. त्यांना नाही.

उत्तरार्धात जे झालं ते सांगण्याआधी कादंबरीतला क्रम आठवावा लागेल. आईचं सोन्याचं घड्याळ चोरीला जातं. थोरली धाकटीवर आळ घेते आणि तिला घराबाहेर काढते. पुष्कळ वर्षांनी मरायला टेकलेल्या कारकुनाचं पत्र येतं, घड्याळ मी घेतलं होतं म्हणून. थोरली ते वाचते, चुलीत टाकते, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन धाकटीला घरी आणते. आधी पत्र, मग आणणं. शाळेत यावर पाच गुणांचा प्रश्न असायचा.

नाटकात थोरली आधीच निघाली. ना पत्र, ना पुरावा. काही कळलेलं नाही, घड्याळ कुणी घेतलं ते ठाऊक नाही, तरी एका सकाळी हातातलं भांडं खाली ठेवते आणि चालू लागते. धाकटीच्या दारात उभी राहून एवढंच म्हणते, "चल घरी." आणि दोघी घरी आल्यावर, धाकटी आतल्या खाटेवर गाढ झोपलेली असताना, पत्र येतं. थोरली ते वाचते, झोपलेल्या बहिणीकडे बघते आणि चुलीत टाकते. त्यावर गाणं नाही. सहाही वादक गप्प. सगळं नाट्यगृह मुसमुसत होतं, मीही त्यात होते. पुढच्या बाईंनी तर रुमाल तोंडात धरला होता.

बाबा ताठ बसले होते. मला वाटलं आता म्हणतील, उलटं आहे. ते काही बोलले नाहीत. एवढी मोठी चूक पाहूनही नाही.

खेळ संपल्यावर निळी रंगमंचावर आली. एका म्हाताऱ्या गृहस्थाने उठून विचारलं, की हा क्रम तुम्ही बदललात का. तिला हा प्रश्न हवाच होता. "मी नाही बदलला," ती म्हणाली. "लेखकाचा मूळ क्रम हाच. जुन्या प्रतीत तसाच आहे. पुढच्या प्रकाशकांनी घाबरून उलटा केला. नाटकाचं पुस्तक येत्या आठवड्यात छापायला जातंय, त्याच्या प्रस्तावनेत मी हे पुराव्यानिशी मांडलंय." टाळ्या कडाडल्या. बाबांनी माझा हात धरला.

घरी येऊन ते पाणी प्यायले आणि त्यांनी कबुली दिली. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून झालेली सोळा पानं. असे फर्मे ओळीने लावून शिवले की पुस्तक होतं. ती प्रत त्यांच्याकडे तिसऱ्यांदा बांधायला आली होती. दर वेळी कडा कापून सारख्या करायच्या, आणि तिसऱ्या वेळी सुरी इतकी आत गेली की पानांचे आकडेच कापले गेले. त्या जुन्या छपाईत प्रकरणांना क्रमांकही नव्हते, नुसती वेलबुट्टी. पत्राचं प्रकरण आणि आणण्याचं प्रकरण, दोन्ही नेमकी एकेका फर्म्यात बसलेली. आकडे नसलेले फर्मे लावताना तेरावा आणि चौदावा मागेपुढे झाला. वाचलं असतं तर कळलं असतं, पण बांधताना वाचायचं नाही हा त्यांच्या उस्तादाचा नियम. वाचायला लागलं की हात थांबतो.

"मग बिघडलं काय?" माझा नवरा म्हणाला. "नाटक छान झालंय. कुणाला कळणार आहे?"

"जो पहिला शाळामास्तर दुसरी जुनी प्रत उघडून बघेल त्याला कळणार. मग पोरीचं हसं होईल. पुराव्यानिशी म्हणतेय ती, आणि पुरावा म्हणजे माझा घोळ!"

"आणि सांगितलंत तर तुमचं हसं होईल."

बाबांनी मानपत्राकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही पाहिलं. खरं सांगते, मीही नवऱ्याच्याच बाजूने होते. सत्तरीच्या माणसाने आपली उभ्या आयुष्याची कमाई अशी स्वतःहून का उधळावी? मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "उद्या तुझी दुपारची सुट्टी असते ना? तू चल माझ्याबरोबर."

तालमीची जागा एका बंद पडलेल्या शाळेत होती. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, फळ्यावर गाण्यांची यादी. निळी जमिनीवर बसून प्रस्तावनेची मुद्रितं तपासत होती, आणि काचेच्या पेटीतलं पुस्तक तिच्या शेजारी पडलं होतं. बाबांना पाहून ती उठली. "काका! तुम्ही आलात! अहो, सगळं तुमच्या तळघरातून सुरू झालं."

"हो," बाबा म्हणाले. "तेच सांगायला आलोय."

त्यांनी उभ्यानेच सांगितलं. एकही सबब जोडली नाही. मग पुस्तक हातात घेतलं, पाठीशी वाकवलं आणि दोन फर्म्यांच्या मधला दोरा दाखवला. "ही गाठ माझी. हा फर्मा इथे हवा होता, हा तिथे. शाईचा डाग बघ. या पानावर आहे आणि त्याचा जोडीदार सोळा पानं पलीकडे. समोरासमोर असायला हवे होते."

निळीने डाग पाहिले. पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. "म्हणून नऊ पायऱ्या," ती हळूच म्हणाली. "पुराचा हिशोब जुळेना म्हणून मी पूरच गाळला." मग तिचा चेहरा बदलला. "काका, नव्या प्रती चुकीच्या आहेत म्हणून मी बारा वर्षं लोकांशी भांडतेय. बारा वर्षं! पत्राच्या प्रकरणात धाकटी कुठेच दिसत नाही, तर लेखकाने तिला मुद्दाम झोपवलं असणार म्हणून मी व्याख्यानं दिलीत. ती दिसत नव्हती कारण ती अजून घरी आलीच नव्हती!"

"हो."

"आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

"मला काल कळलं, बाळा."

ती खिडकीकडे जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता आम्हाला हाकलते. मी पर्स खांद्याला लावलीसुद्धा. ती वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण प्रश्न भलताच विचारला. "तुमच्या हातून कधी पान हललं नाही असं सगळे म्हणतात. मग हेच कसं हललं? की तुम्हालाच वाटलं होतं, तिने पत्राआधी जायला हवं?"

"मला काही वाटायला तेव्हा डोकं ठिकाणावर कुठे होतं," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची काढून दिली आणि ते बसले.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. घड्या दाबायची हाडाची एक पट्टी असते, तशी त्यांच्या उस्तादांनी दिलेली एक त्यांच्याकडे होती. ती हरवली. बाबांनी आळ सासूबाईंवर घेतला. घर आवरताना टाकली असणार, तुला माझ्या वस्तूंची किंमत नाही, वगैरे. सासूबाई म्हणाल्या, मी पाहिलीही नाही. बाबांनी ऐकलं नाही. त्या माझ्या नवऱ्याला घेऊन भावाकडे निघून गेल्या. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत बाबा सकाळी तळघरात जात, संध्याकाळी रिकाम्या घरी येत. तिथून चार थांब्यांवर भावाचं घर. गेले नाहीत. बाराव्या दिवशी दाबयंत्र उघडलं तर पट्टी आधीच्या पुठ्ठ्यांच्या मधे. त्यांनी स्वतःच ठेवलेली. त्या अकरा दिवसांत शिवलेलं आणि तेव्हा दाबायला घेतलेलं पुस्तक हेच होतं.

"पट्टी खिशात घातली आणि तसाच तिला आणायला गेलो," बाबा म्हणाले. "सापडल्यावर गेलो. कादंबरीतल्यासारखा. नाटकातल्यासारखा नाही."

निळी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. मग तिने मुद्रितं ओढली आणि प्रस्तावनेच्या दोन पानांवर आडवी रेघ मारली. "क्रम बदललाय असं लिहिते," ती म्हणाली. "कुठून आला तेही लिहिते. तुमचं नाव घालू?"

"बाइंडर लिही. नावाची गरज नाही. आणि प्रत दे, उसवून नीट शिवून देतो. दोन तासांचं काम आहे."

"नाही," निळी म्हणाली, आणि पुस्तक तिने छातीशी धरलं. शेवटी वाचनालयात परत करायचं वचन घेऊन आम्ही निघालो.

बसथांब्यावर आम्ही दोघंच. त्यांनी रस्त्याकडे बघत विचारलं, "ती तुझ्याजवळ कधी काही बोलली होती का? त्या पट्टीबद्दल?"

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. त्या बोलल्या होत्या. आजारपणात, मी त्यांचे केस विंचरत असताना. मी नाही म्हणू शकले असते, आणि ते बरंही दिसलं असतं. पण हा माणूस आत्ताच आपली एकेचाळीस वर्षं एका पोरीच्या पुढ्यात ठेवून आला होता, त्याच्याशी खोटं बोलायला माझी जीभ उचलेना.

"बोलल्या होत्या," मी म्हटलं. "म्हणाल्या, पट्टी सापडली म्हणून हे मला न्यायला आले. सापडली नसती तर आले असते का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची."

बस आली. आम्ही चढलो नाही. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, पुन्हा लावला. पुन्हा काढला.

"गेलो असतो गं," ते म्हणाले. "पंधराव्या दिवशी, विसाव्या दिवशी. गेलोच असतो." हे ते मला सांगत नव्हते. मी नुसता त्यांचा हात धरून उभी राहिले. मला त्यांचा आजवर जेवढा राग आला होता तो सगळा त्या थांब्यावर कुठे गेला कळलं नाही.

घरी आल्यावर ते स्टुलावर चढून मानपत्र काढायला लागले. मी खालून ओरडले, खबरदार हात लावाल तर. ते उतरले. मानपत्र तिथेच आहे. धूळ आता मी पुसते.

महिन्याभराने निळीने प्रत वाचनालयात परत केली. ग्रंथपालांनी ती दुरुस्तीसाठी बाबांकडे पाठवली, कारण नव्या बाइंडरला इतकं जुनं काम झेपत नाही. बाबांनी ती दोन दिवस टेबलावर ठेवली. दोरे तपासले, कोपरे चिकटवले, धुरकट कागद काढून कारकुनाचा लंगडा पाय मोकळा केला. आत्याचं पान हाताने लिहून जागच्या जागी लावलं. खाच सैल करून एकोणीसमधला १ सुद्धा बाहेर काढला. तेरावा आणि चौदावा फर्मा उसवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक चूक चूक म्हणून ओळखून बांधून ठेवली.

मग पहिल्या पानाच्या आत एक चिठ्ठी डकवली. अक्षर सुबक आहे.

'या प्रतीत दोन फर्मे मागेपुढे झाले आहेत. चूक बाइंडरची आहे. दुरुस्त करू नये. तिने आधी जायचं आहे.'